ढ मिळत नव्हता

भरमाण्णा पेंटरचं ते अक्षर तुम्ही पाहिलंय.
निपाणीच्या स्टँडवर उतरला असाल,
तर सोडा फॅक्टरीच्या पत्र्यावर.
कडेनं तांबडी रेघ, आत काहीच नाही,
आणि पोट असं टम्म, की वरून गोटी दाबली
तर अख्खा शब्द फस्सकन नाकात जावा.

सत्त्याहत्तर साली काढलं त्यानं हे वळण.
डबा निम्मा उरलेला, दुकानदाराची उधारी बंद.
“भरायला रंग कुठनं आणू? नुस्ती कड मारली.
लोक म्हणाले, नवी फॅशन आलीया.”

मग ते बर्फगोळ्याच्या गाडीवर चढलं,
जत्रेतल्या पाळण्यावर गरगरलं,
ब्रास बँडच्या ट्रॉलीवर वरातीपुढं नाचलं.
गादी कारखान्याला तर मापानं शिवल्यासारखं बसलं.
दवाखान्याला मात्र त्यानं दिलं नाही:
“डॉक्टरचं अक्षर फुगलं की पेशंट बिलाला भितोय.”
वकिलालाही नाही.
“पोकळ दिसतंय.”

कन्नड बोर्डही तोच काढायचा, त्याच ब्रशनं.
म्हणायचा, आपली अक्षरं एका दोरीला वाळत घातलेली,
त्यांची, ज्याची त्याची टोपी घालून बाजाराला निघालेली.
दोघांनाही रॉकेल तेवढंच लागतं.

आता मी फ्लेक्सवाला. त्याच्या अक्षरांचा फाँट करायचा म्हणून
मोबाईल घेऊन हिंडलो संकेश्वर, चिकोडी, खानापूर.
झ मिळाला झेरॉक्सवर,
ळ येळ्ळूरच्या रसवंतीवर, तोही जोडीनं,
ठ एका पिठाच्या गिरणीत,
त्याच्या पोटात कुणीतरी नेम धरून पान थुंकलेलं.

पहिला शब्द स्क्रीनवर लावला, म्हातारा आला बघायला.
मोतीबिंदू काढलेला, बोट थुंकीनं ओलं.
शिरोरेषेवरून बोट फिरवत गेला आणि थांबला.
“हे काय? दोन अक्षरांच्या मधी भिंत?”
म्हटलं, मशीन घालतंय, प्रत्येकाची कड वेगळी.
“कड बाहेरनं असू दे. खरं आतनं वाट ठेव की रे.
पहिल्या अक्षरात मुंगी शिरली
तर शेवटच्यातनं बाहेर पडाय पायजे.”

तीन रात्री भिंती पाडत बसलो.
चहावाल्याचा पोरगा विचारायचा, अजून किती?
अजून बऱ्याच.

सगळं जमलं, ढ मिळत नव्हता.
पन्नास वर्षांत एकाही बोर्डाला ढ लागला नव्हता.
भरमाण्णा हसला, खोकला, परत हसला.
“ढ कोण दारावर लावतोय?
तो वर्गात मागच्या बाकड्यावर बसलेला असणार.
आण कागद.”

स्केचपेननं काढला त्यानं.
पोट नीट आलं, आतली गाठही आली,
खरं रेघ थरथरली, एकदा वळणावर,
एकदा जिथं थांबायचं तिथं.
“हात हलतोय. तू मशीनवर सरळ कर.”
मी माऊस धरला.
थोडा वेळ नुसता धरून बसलो,
मग होता तसाच सेव्ह केला.

परवा कोगनोळी नाक्याजवळ एकानं ढाबा उघडला.
वीस बाय चारचा फ्लेक्स, वर कन्नड, खाली मराठी,
भरमाण्णाचं अक्षर, आत काहीच नाही,
ट्रकचे लाईट पडले की आरपार आभाळाएवढं.
सकाळी सकाळी मालकाचा फोन:
“बाकी ब्येस झालंय. खरं पहिलं अक्षर बघा जरा,
प्रिंट हलली काय ओ?”