तुडूम

पाणकर आहे मी. तलावाचा कायदा तोंडपाठ:
एका बांधीला एका पाळीत दोनदा पाणी नाही,
मागणारा भाऊ असो की सरपंच.
पण तुडूम अडकलं, पाणी निम्म्यातच मेलं,
तर ती पाळी धरत नाहीत.
पुन्हा पहिल्यापासून.

आंबिलढुके वकिलांनी समजावलं तेव्हा मला हेच आठवलं.
एका गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करता येत नाही.
पण इस्तारीचा पहिला खटला हायकोर्टाने धरलाच नाही.
माझी साक्ष झाली त्या दिवशी त्याला वकील नव्हता.
जज म्हणाले, उलटतपास नाही, पुढचा.
मी पिंजऱ्यातून उतरलो,
भत्त्याचे एकशेवीस रुपये घेतले,
साकोलीच्या गाडीत जागा मिळाली.
त्याला जन्मठेप लागली.

साडेसहा वर्षांनी नागपूरहून कागद: नव्याने चालवा.

भंडाऱ्याला, कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली
दोन शिपायांच्या मधे इस्तारी.
"झालं ना एकदा? मंग आता काऊन?"
विचारत मला होता. मी शिपायाकडे पाहिलं.
शिपाई म्हणाला, ते झालंच नाही असं समज.
"नाही झालं?"
आणि तो बोटं मोजायला लागला.
पोरीचं लग्न.
माय.
तिसरं बोट धरून बसला नुसता.

मग पुकारा.
मुद्देमालात माझीच बॅटरी, लाखेचं सील,
आत सेल फुटून हिरवे.
मी तीच साक्ष दिली, शब्दाला शब्द.
ती रात्र आता मला आठवत नाही,
साक्ष आठवते.

आंबिलढुके उठले. साधाच प्रश्न:
बॅटरी लागलेली होती की विझलेली?

साडेसहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

पंख्याचा आवाज. टायपिस्टची बोटं हवेत.
मागच्या बाकावर चैतरामची बायको,
तिलाही सगळं पहिल्यापासून.
म्हणालो, विझलेली.
मग तोंड कसं दिसलं?
आवाज, साहेब. आवाज इस्तारीसारखा होता.

साहेबांनी 'सारखा' दोनदा विचारून लिहून घेतला.

निकाल लागायचा आहे.
सुटला, आणि ते टिकलं, तर वकील म्हणतात,
चैतरामच्या नावाने त्याला पुन्हा कोणी पिंजऱ्यात बोलावणार नाही.
संध्याकाळी तुडमाशी येऊन बसलो.
न धरलेल्या पाळीचं पाणी वहीत कुठेच नसतं.
पण गेलेलं असतं ते, कोणाच्या बांधीत, नाहीतर नाल्यात.
सोडलेलं मीच असतं.