मापाची वही

रुवीत, होंडा रोडच्या मागल्या गल्लीत
माझं दुकान, साडेआठ फूट रुंद.
पाटीवर अरबीत लिहिलंय : पुरुषांचे कपडे.
खाली इंग्रजीत तेच, स्पेलिंग चुकलेलं.
मराठी पाटीवर नाही. ती आत, वहीत.

शुक्रवारी नमाजानंतर एकेक येतात.
रात्रपाळी करून आलेली वसईची ग्रेसी डाबरे,
एसीवाला धाकतोडे, हाताला गॅसचा वास,
आणि हमीद तांडेल, जो कधी असतो, कधी बोटीवर.
मी गळ्यातली टेप काढतो.
गळा साडेपंधरा. बाही तेवीस. छाती –
श्वास सोड रे, फुगवू नकोस –
आणि मापाखाली सही.

रस्त्यावरून बघणाऱ्याला
शिंपी माप घेताना दिसतो.
इथं चार माणसं एका कारणासाठी जमली
की कारणाला परवाना लागतो.
या महिन्यात सव्वीस मापं झाली.
शिवायचं कुणालाच काही नाही.

अर्ज तसा साधा :
लीलावती तेली, वय एकोणपन्नास, रात्रशाळेची बाई.
ग्रामसभेत उभी राहून तिनं एक यादी वाचली.
कुणाची जमीन, कुणाच्या नावावर गेली, कुठल्या तारखेला.
तुरुंगात हे चौथं वर्ष. आरोपपत्र नाही.
आरोपपत्र तरी द्या, नाहीतर बाई द्या.

(शेवटची ओळ ग्रेसीनं खोडायला लावली.
सरकारला असं लिहीत नाहीत, म्हणाली.
अर्जातून खोडली. वहीत आहे.)

धाकतोडेचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.
म्हणाला, मास्टर, हसू येतं,
तिकडचं कुलूप काढा म्हणून आपण सांगतोय.
कुणी हसलं नाही.
बावीस वर्षांत मी मत दिलं एकदा,
तेही आई आजारी म्हणून गावी होतो तेव्हा.
शाई नखावरून उतरायच्या आत परत मशीनवर.

भाचा फोनवर म्हणतो, मामा, तुमचं काय जातंय, तुम्ही लांब.
खरंय. लांबच्याचं तोंड मोठं.
पण जवळच्यानं तोंड उघडलं की काय होतं
हे त्यानंच मला सांगितलं होतं,
आवाज बारीक करून.

तिचं पत्र तिच्या भावाकडून येतं, फोटो काढून,
मधल्या तीन ओळी काळ्या शाईखाली.
उरलेल्यात विचारते : तुमच्याकडचे डोंगर कसे?
मी लिहिलं : बोडके. गवताची काडी नाही.
संध्याकाळी पाचेक मिनिटं जांभळे होतात.
तिचं उत्तर आलं : जांभळे पोचले.

जुन्या वहीत, इकडे यायच्या आधीच्या,
तिची नोंद आहे :
ले. तेली, पिवळा खण, छाती छत्तीस,
बाही कोपरापर्यंत, घाई आहे, सोमवारी शाळेत रुजू.
पैसे बाकी.

परवा तारखेला तिला कोर्टात आणलं.
गाडीच्या जाळीमागचा एक फोटो फिरत आला.
वकील म्हणतात, तब्येत ठीक.
वकिलांना कायदा कळतो. मला खांदा कळतो.
ब्लाऊज असा दंडावर उतरतो
तेव्हा बाई निदान चार इंचांनी कमी झालेली असते.

काल शटर अर्धं ओढून घेतलं आणि कापड पसरलं.
हमीद बुधवारी निघतोय. अर्ज त्याच्याबरोबर.
कात्री हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा होतो,
माप कुठलं धरावं, वहीतलं की फोटोतलं?
फोटोतलं धरलं.
पण दोन्ही बाजूंच्या शिवणीत भरपूर माया ठेवली,
इतकी कुठलाच शिंपी ठेवत नाही.
सुटेल, घरची भाकरी खाईल, अंग धरेल,
तेव्हा उसवून घेता येईल.

आत जाणाऱ्या कपड्यांच्या शिवणी
तिथं बोटांनी चाचपून बघतात म्हणे.
बघू देत.

वहीत लिहिलं : ले. तेली, ब्लाऊज एक.
मागचे पैसे अजून बाकी.
ते मी तिच्याच हातून घेणार आहे.