दहा ग्रॅमचा दोरा

शिबिरातली डॉक्टरीण बैलहोंगलकडची,
वयानं आमच्या पोरीएवढी.
ह्यांना डोळे मिटायला लावले
आणि तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला.
‘गोत्तातेन्री?’
हे गप्प.
अंगठ्याखाली टेकवला, मग टाचेवर,
दोरा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.
‘अज्जार, गोत्तातेन्री?’
‘आधी लाव तर खरं,’ हे म्हणाले मराठीत.
ती सहाव्यांदा लावत होती.
मी बघत होते.

डोळे उघडून दोरा मागून घेतला,
चिमटीत फिरवला.
‘दहा ग्रॅमचा,’ ती म्हणाली.
‘ग्रॅम राहू दे, काउंट कितीचा?’

चाळीस वर्षं वडगावात मागावर.
लाइट गेली तरी ताण्यातली तुटकी तार
ह्यांच्या बोटांना सापडायची.
पाय खाली खड्ड्यात, पावडीवर,
डावा, उजवा, डावा.
पायांना कुणी कधी विचारलंच नाही
कळतंय का म्हणून.

गेल्या शनिवारी खडेबाजारातून आले
एकाच चपलेवर.
‘दुसरी कुठाय?’
खाली बघितलं तेव्हा ह्यांना कळलं.
हसले. मीही हसले.
मग बॅटरी घेऊन एकटीच गेले मागं मागं,
गल्ली, चक्की, बंद पडलेला नळ.
चपल पुलाजवळ सापडली.
घरी येऊन टाचेतली काच काढली,
तोवर हे मीटरवाल्याला शिव्या देत होते,
मधेच थांबलेसुद्धा नाहीत.

आणि रात्री तेच पाय जळतात.
चादर टेकली तरी ओरडतात,
फरशीवर पाय टेकून पहाटेपर्यंत बसून राहतात.
कळत नाही तर दुखतं कसं?
मी डॉक्टरणीला विचारलं.
तिनं मराठी शोधलं, सापडलं नाही,
मग कन्नडात काहीतरी म्हणाली
जळालेल्या वायरीचं.
गोड तर मीच केलं इतकी वर्षं, ते मी विचारलं नाही.

आता जेवणं झाली की पाय माझ्या मांडीवर.
बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा,
खाली पोरीचा कॉलेजातला आरसा.
लग्नाच्या वर्षी इथं नख लागलं तरी
गुदगुल्यांनी उठून बसायचे,
सासू पलीकडून खोकायची.

काल तळव्यावर बोटानं
ह्यांचं नाव काढत होते,
उखाणे सोडले तर कधी न घेतलेलं.
‘झालं का बघून?’
‘थांबा,’ म्हटलं,
‘काना राहिलाय.’