पंच क्रमांक दोन

चहाला थांबलो होतो, एवढाच माझा गुन्हा.
हवालदार म्हणाला, "ये बे, सही करायचीय,"
आणि मी झालो पंच क्रमांक दोन:
नरसय्या राजमल्लू चिलवेरी,
धंदा टॉवेल, राहणार अशोक चौक.

दुकान गुरुलिंग फुलारीचं.
भिंतीवर काचेत लायसन, राज्याचा गोल शिक्का,
फीची पावती उदबत्तीचा धूर खाऊन पिवळी.
आजोबापासूनची भांग. गड्ड्याच्या यात्रेत रांग लागते,
त्या रांगेत मी हवालदारालाही पाहिलंय.
हे पंचनाम्यात आलं नाही.

साहेब नवीन. पोत्यात हात घालून म्हणाले,
पान असेल तर राज्याचं.
फूल निघालं तर केंद्राचं,
आणि फुलाच्या संगतीत सापडलं तर पानही फूलच.
मातीतून येताना झाड एकच होतं,
पोत्यात आलं आणि त्याला दोन धनी झाले.

निवडायला कापड पाहिजे होतं.
माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला,
परवाच मागावरून उतरलेला, काठाला मोरांची रांग.
डावीकडे पानं, उजवीकडे फुलं असं ठरलं.
तीन माणसं, एक चष्मा,
तासभर उजवी बाजू रिकामी.

मग एक सापडलं.
गाठीएवढं, हिरवट, मिटलेलं.
"हे काय?"
"कळी," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

फुलारी भिंतीकडे बोट दाखवत राहिला,
"लायसन आहे ना साहेब, सरकारचंच आहे."
"कुठल्या सरकारचं?"
साहेब रागानं नव्हते बोलत,
खरंच विचारत असावेत.

मी मागावरचा माणूस.
उभा धागा आडव्याला वाट देतो,
तेव्हा कुठं कापड होतं.
इथं दोन्ही उभेच.

कळी उजवीकडे गेली,
तिच्यामागोमाग अख्खं पोतं.
मी तेलुगूत सही केली.
मराठी येते मला, पण हात तसाच वळला.

टॉवेलला लाखेचं सील बसलं, मुद्देमाल.
फुलारी सात महिन्यांनी सुटला,
दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
तारखेला मला बोलावणं येतं.
वकील विचारतो, हा टॉवेल ओळखता?

ओळखतो.
तिसऱ्या मोराची मान चुकलीय.
तेव्हा लाईट गेली होती.