दाराच्या मुठीला पिशवी

लास वेगासहून परतलो त्याला आज नववा दिवस.
नऊ दिवसांत नऊ वेळा कपडे दोरीवर घातले
आणि दहा वेळा काढले.
हिशेब जुळत नाही, पण हिलोत
पावसाशी कुणाचा जुळलाय.

कसिनोतली रात्रपाळी अजून डोळ्यांतून उतरली नाही.
उठलो तेव्हा साडेअकरा.
दार उघडलं तर मुठीला पिशवी,
किराणा दुकानाची, पातळ, कान ताणले गेलेली.
आत चार नीरफणस,
देठांतून अजून चीक गळतोय.
चिठ्ठी नाही. नाव नाही.

शुश्रूषागृहात आईला फोन लावला.
देठ कसा कापलाय, तिनं विचारलं.
तिरका.
मग टोकुजी हिगा. डावखुरा आहे तो.
पिशवीला गाठ?
दोन.
मग टोकुजी नव्हे, त्याची सून.
तो गाठ मारत नाही. म्हणतो,
उघडणाऱ्याला कशाला त्रास.

तेवढ्यात भोंगा वाजला.
महिन्याची पहिली तारीख, पावणेबारा,
नुसती चाचणी. शेजारचा कोंबडासुद्धा
माती उकरायची थांबला नाही.
आई मात्र गप्प झाली, संपेपर्यंत.
आठ वर्षांची होती ती
समुद्र मागे सरला त्या रात्री.
भोंगा थांबल्यावर म्हणाली,
पिशवी रिकामी पाठवू नकोस.

आता घरात काय होतं म्हणता?
परसात पपईचं झाड, पाखरांनी आधीच उष्टावलेलं.
फ्रिजमध्ये कालचा भात,
फडताळात स्पॅमचा एक डबा.
काप तळले, सोया आणि साखरेत घोळवले,
भात दाबला, शेवाळाची पट्टी गुंडाळली.
सहा मुसुबी. एकही सरळ नाही.
आईच्या हातची लाकडी चौकट
बहुतेक बहिणीनं नेली असावी, विचारणार नाही.

वाट विचारली तर कोपऱ्यावरची बाई म्हणाली,
डोंगराकडे चढ, मग
जळक्या मोटारीपाशी जरा समुद्राकडे.
अकरा वर्षं मला फोनातला आवाज
डावं उजवं सांगत होता.
इथे दोनच दिशा: मौका, मकाई.
एक पाण्याचा उगम, एक शेवट.
मधे जो चालतो तो भिजतो.

भिजलोच. छत्री उघडली असती
तर कुणीतरी पाहुणा समजून
इंग्रजीत नमस्कार केला असता.

हिगांच्या पायरीवर सात जोड सपाता.
माझा आठवा.
सून बाहेर आली, मेर्लिंडा,
कडेवर पोर, पोराच्या हातात चमचा.
मुसुबी बघून आधी हसली, मग घेतल्या,
मग म्हणाली, नीरफणस?
आमचं झाड तर गेल्या वादळात पडलं.

मी दारात उभा. पागोळ्या मानेवर.
ओशाळून पिशवी मागितली
तर ती आत गेली आणि
तीच पिशवी भरून घेऊन आली,
पाच अॅव्होकॅडो, एक आल्याचा गड्डा.
कुठल्या झाडाचे म्हणून मी विचारलं नाही.
म्हाताऱ्यानं आतून ओरडून विचारलं,
कुणाचा मुलगा?
आईचं नाव सांगितलं.
ते त्याला एकदाच सांगावं लागलं.

परत निघालो तर पायरीवर
माझ्या सपाता नाहीत.
त्यांच्या जागी दुसऱ्या,
एक नंबर मोठ्या, टाचेशी झिजलेल्या,
कुणाच्या तरी पायाचा खळगा आत बसलेला.
मेर्लिंडानं खांदे उडवले. घाल ना, म्हणाली,
फिरून येतील तुझ्या.

समुद्राकडे उतरलो. फटक् फटक्.
हातात अॅव्होकॅडो,
घरी ओट्यावर चार नीरफणस
अजून चीक गाळत,
आणि गल्लीत चौदा घरं,
त्यातल्या तेरांवर माझा संशय.