खूण दोनदा येते

बेकिनकेऱ्याच्या वरच्या अंगाला, बंद गुऱ्हाळाच्या छपराखाली
ट्रॅक्टर उभा आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी थोरला.
बॅटरी नाही, सेल्फ नाही.
पुढे हँडल, कुशीला मॅग्नेटो,
आणि सीटवर एका तांबड्या कोंबडीचा कायमचा हक्क.

"चालू करून करणार काय गा?"
विष्णू हुंदरे म्हशी नेताना विचारून गेला,
म्हशी आणतानाही विचारून गेला.
दोन्ही वेळा मी तेरा नंबरचा पाना शोधत होतो.

मॅग्नेटो मीच उतरवला होता, आधीच्या रविवारी.
पॉइंट घासून चकचकीत केले.
उद्यमबागेत दिवसभर मायक्रॉन मोजणारा मी,
इथं फीलर गेज विसरून आलेलो,
तेव्हा पुतणीच्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून
फटीतून सरकवली. अडत अडत गेली. बरोबर.
फ्लायव्हीलवरची छिन्नीची खूण वर आणली,
मॅग्नेटो बसवला, वायरी जोडल्या:
एक, तीन, चार, दोन.
हँडल मारलं.

कार्बोरेटर खोकला.
नुसता खोकला, धुराची एक गुळणी टाकून.
प्लग काढून बॉडीला टेकवला, तर ठिणगी निळी, जाड,
पेट्रोल होतं, वाराही होता वाटेल तेवढा,
तरी पुन्हा खोकला.
पाचव्या झटक्याला हँडल उलटं आलं.
मनगट वाचलं, घड्याळ गेलं.

मग कुद्रेमनीहून यमनाप्पा मिस्त्री आला,
पिशवीत दोन पाने, एक तंबाखूची डबी.
कानांनी त्याला कधीच सोडलंय,
म्हणून त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, ओठ दाखवून.
मी ओठ दाखवत सगळं सांगितलं: फट, खूण, वायरी.
त्यानं अर्ध्यातच माझा अंगठा धरला
आणि एक नंबरच्या भोकावर नेऊन ठेवला.
"बेरळ तेगीबेड," म्हणाला. काढू नकोस.
आणि हँडल हळूहळू फिरवू लागला,
विहिरीचा रहाट फिरवावा तसा.

खूण वर आली.
"उसिर?"
नव्हता. अंगठ्याखाली पोकळ, थंड, काही नाही.
आणखी एक फेरा.
या वेळी खूण यायच्या आधीच
आतून कुणीतरी अंगठा ढकलला,
कडेनं फुस्सकन श्वास निसटला,
आणि मग तीच छिन्नीची रेघ, त्याच जागी, तशीच.

खूण दोनदा येते, तम्मा.
एकदा धूर टाकून रिकाम्या हातानं येते,
एकदा छाती भरून.
डोळ्याला दोन्ही सारख्याच.
तू रिकामीला ठिणगी दिलीस.

मॅग्नेटो पुन्हा उतरला.
आतली बोटासारखी पट्टी अर्धा वळसा फिरून एक नंबरसमोर आली.
बोल्ट सैल ठेवून त्यानं बॉडी केसभर मागे घेतली,
तळवा तिच्यावर टेकवून डोळे मिटले,
आणि मला खुणावलं: फिरव.
टक्.
स्प्रिंग सुटल्याचा आवाज मी ऐकला, रेघेवरच,
"वाजलं" सांगायला ओठ दाखवायला गेलो,
तोवर तो बोल्ट आवळत होता.

"अंगठा मुठीत घ्यायचा न्हाई. वर ओढायचं, खाली दाबायचं न्हाई."
एवढं मराठीत बोलला.

दुसऱ्या ओढीला लागला.
छपराचे पत्रे थडथडले, कोंबडी शेजारच्या उसात घुसली,
जुन्या काहिलीतली राख उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या.
विष्णू हुंदरे धावत आला, तोंड हलवत काहीतरी विचारलं,
तोच प्रश्न असणार, ऐकू आला नाही.
यमनाप्पा बॉनेटवर हात ठेवून हसत होता.

सहा मिनिटांनी बंद पडला.
माझ्या पोटात गोळा.
मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडून आत बघितलं
आणि मला नुसतीच रिकामी बाटली दाखवली,
ज्यातून मी मोजून पाव लिटर ओतलं होतं.

सोमवारी कारखान्याच्या दारात
मशीननं माझा अंगठा ओळखला नाही.
त्यावर प्लगच्या भोकाचं काळं वर्तुळ होतं, आट्यांसकट.
पुन्हा ठेवा, म्हणाली.
पुन्हा ठेवला.
दार उघडलं.