गरम पाणी

आमच्या घरात गॅस नाही.
कार्मॉय बेटावर कुणाकडेच नाही, सगळं विजेवर शिजतं.
गॅस जातो पलीकडे, दुसऱ्या देशात,
तिथे कुणाच्या तरी किटलीखाली निळा जळतो.
हे मला शाळेत कळलं.
घरी येऊन विचारलं,
तर बाबा कपाटाच्या बिजागरीला तेल देत राहिले.

ते महिना महिना समुद्रावर असायचे,
जहाजावरच्या एका लोखंडी डब्यात.
चार माणसं, चार खाटा, एक गोल दार.
फोन करायचे. हेलियममुळे आवाज बदकाचा.
मी हसायचे.
आई रिसीव्हर हिसकावून घ्यायची
आणि त्या बदकाशी
अगदी सरळ आवाजात छपराच्या गळतीबद्दल बोलायची.

डब्यात समुद्राचा दाब भरून ठेवतात,
म्हणजे खाली उतरताना शरीराला वेगळं काही वाटत नाही.
वर यायला मात्र सहा दिवस.
दाराबाहेर पाच पावलांवर
लोक कॉफी पीत उभे.
पाच पावलं, सहा दिवस.
घाई केलीत तर रक्ताला फेस येतो,
हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा.

बार्जवर पाइप जोडतात, बारा बारा मीटरचे तुकडे,
काँक्रीटचा अंगरखा घातलेले,
आणि मागच्या उतारावरून सोडत जातात पाण्यात.
हजारो टनांचं लोखंड,
पण लांबून पाहावं तर सुतळीसारखं वाकतं.
बाबा म्हणायचे, ते वळण पाहून झोप येते.
नांगर धरून असतात बार्जला.
एक सरकला
की तेच वळण खाली चालायला लागतं.

त्या नोव्हेंबरात सात नंबरचा सरकला.

तळाशी दोघं होते, बाबा आणि ऑडगाइर.
दीडशे मीटर. पाणी सहा अंश.
प्रत्येकाच्या पाठीला एक नाळ:
तीतून श्वास, तीतून वरच्यांचा आवाज, दिव्याची वीज,
आणि गरम पाणी.
हो, गरम पाणी. सूटमधून सतत खेळवलेलं.
ते थांबलं की माणूस आधी बडबडतो,
मग गप्प होतो.

पाइप कूस बदलल्यासारखा हलला,
आणि ऑडगाइरची नाळ खाली सापडली.
बाबांच्या कमरेला सुरी होती.
अहवालात चार मिनिटं आहेत.
अहवालात ती चार ओळींत आहेत.
सुरीचा उल्लेख आहे,
ती म्यानात होती की हातात, याचा नाही.

मग डब्यात सहा दिवस.
चौथी खाट. उशीशी अर्धवट शब्दकोडं.
तिघांपैकी कुणी ते पुरं केलं नाही.
आडवा सातवा शब्द मला येत होता,
असं बाबा एकदा म्हणाले.
कोणता, ते नाही म्हणाले.

त्या रात्रीही फोन आला होता.
बदक बोललं.
मी हसले.
आईने त्या वेळी रिसीव्हर हिसकावला नाही,
माझ्या हातात तसाच राहू दिला,
आणि ते मला अजून कळलेलं नाही.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे. खांद्याचं हाड आतून मेलंय,
बोटं कपावर वाजतात.
कंपनीचं नाव दोनदा बदललं.
पत्र आलं होतं, त्यात वाक्यं फार छान होती.

माणसाची नाळ जिथे पुरली, तिथे तो ओढला जातो म्हणतात.
बाबा किनाऱ्यावर जातसुद्धा नाहीत.
ते मोरीशी उभे राहतात.
नळ सोडतात, हात धरतात धारेखाली,
कातडी लाल होईतो.
मी मागून येऊन नळ बारीक करते.

"येतंय ना?" ते विचारतात. मला नाही.

मी म्हणते, येतंय.